पब्लिक की ब्राउझरमध्ये उघडते, पण जीपीजीला सापडत नाही

प्रश्न:
नमस्कार. आमच्या संस्थेच्या ईमेल पत्त्यांच्या पब्लिक की (आम्हाला कूटबद्ध मेल पाठवण्यासाठी लागणाऱ्या सार्वजनिक किल्ल्या) कोणालाही आपोआप मिळाव्यात म्हणून आम्ही मुख्य डोमेनवर वेब की डिरेक्टरी, म्हणजे डब्ल्यूकेडी, उभी केली आहे. फाइलचा पूर्ण पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यास ती व्यवस्थित डाउनलोड होते. मात्र बाहेरच्या संगणकावरून जीपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रॅमने तोच ईमेल शोधल्यास सर्टिफिकेटची, म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची, त्रुटी येते. मुख्य डोमेनचे सर्टिफिकेट वैध आहे; मग ही तक्रार नेमकी कशाची असावी?

उत्तर १:
जीपीजी आधी मुख्य डोमेनकडे जातच नाही. ते प्रथम ‘ओपनपीजीपीकी’ या उपडोमेनचा पत्ता विचारते आणि ते उपडोमेन अस्तित्वात नसेल तरच मुख्य डोमेनकडे वळते. आपल्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावांवरून सर्व्हरचे पत्ते देणाऱ्या यंत्रणेत, वाइल्डकार्ड नोंद (स्वतंत्र नोंद नसलेल्या सर्व उपडोमेनना लागू होणारी नोंद) आहे का? ‘डिग’ या डीएनएस तपासण्याच्या कमांडने त्या उपडोमेनची ए नोंद, म्हणजे आयपी पत्ता देणारी नोंद, विचारून पाहावी.

प्रश्नकर्ता:
वाइल्डकार्ड आहे, आणि ‘डिग’च्या उत्तरात आमच्याच वेब सर्व्हरचा आयपी येतो. इतर अनेक उपडोमेन त्यावर चालत असल्यामुळे ती नोंद काढता येणार नाही.

उत्तर २:
ती काढण्याची गरजही नाही. वाइल्डकार्डमुळे कधीही न बनवलेल्या उपडोमेनलाही आयपी मिळतो, जीपीजी तिथे जोडणी करते, तिथल्या सर्टिफिकेटवर ते नाव नसते आणि शोध तिथेच थांबतो. असा थांबा योग्यच आहे, कारण सर्टिफिकेट नाकारल्यानंतरही दुसरीकडून पब्लिक की आणली तर पडताळणीला अर्थ उरणार नाही.

आपल्याकडे उणीव आहे ती एका नोंदीची. ‘ओपनपीजीपीकी’ या नावाने रिकामी टीएक्सटी नोंद (डीएनएसमधली केवळ मजकुराची नोंद) घालावी. डब्ल्यूकेडीच्या तांत्रिक नियमांच्या मसुद्यातही हाच उपाय दिला आहे. एखाद्या नावाची कोणत्याही प्रकारची नोंद असली तर वाइल्डकार्ड त्या नावाला लागू होत नाही, त्यामुळे ए नोंद विचारल्यावर उत्तर रिकामे येईल आणि जीपीजी मुख्य डोमेनकडे वळेल. डीएनएस नोंदी भरण्याची काही पॅनेल रिकामी टीएक्सटी स्वीकारत नाहीत. तिथे एखादा शब्द लिहिला तरी चालते. उपडोमेनच वापरायचे असेल तर त्याच्या नावाचे सर्टिफिकेट हवे आणि फोल्डरच्या मार्गात डोमेनचे नावही यावे लागते. माझ्या मते लहान संस्थेने या फंदात पडू नये.

डीएनएसचे जुने उत्तर कॅशमध्ये टीटीएल, म्हणजे नोंदीला ठरवून दिलेली मुदत, संपेपर्यंत राहते. त्यानंतर डर्मेंगर (dirmngr, जीपीजीसाठी नेटवर्कवरून की आणणारा पार्श्वभूमीतला प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा शोधावे आणि शोध फक्त डब्ल्यूकेडीपुरता ठेवावा. नाहीतर पब्लिक की एखाद्या की-सर्व्हरवरून (अनेकांच्या पब्लिक की साठवणाऱ्या सामाईक सर्व्हरवरून) येऊ शकते आणि डब्ल्यूकेडी सुरू झाल्याचा गैरसमज होईल.

उत्तर ३:
डीएनएस सुधारल्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. फाइल बायनरी स्वरूपात असावी, ‘बिगिन पीजीपी’ या ओळीने सुरू होणारा मजकूर नसावा. शिवाय ‘पॉलिसी’ नावाची फाइल, रिकामी का होईना, पब्लिक कीच्या फाइल ज्यात असतात त्या ‘एचयू’ फोल्डरच्या शेजारी असायला हवी.