अनुभव धागा : अयुथया नीट पाहिलेल्यांनो, लिहा

थायलंडला जाऊन आलेल्यांना अयुथयाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "हो, बँकॉकहून गाडी केली होती, दुपारपर्यंत बघून झालं." ते झाडाच्या मुळांतलं बुद्धमुख, दोन-तीन पडके स्तूप, फोटो, परत. मला याचं वाईट वाटतं. 1350 पासून 1767 पर्यंत सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी असलेलं हे शहर आहे. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पासाक या तीन नद्यांच्या मधलं बेट. आपल्याकडे पानिपत झालं त्यानंतर सहा वर्षांनी, एप्रिल 1767 मध्ये, बर्मी सैन्याने ते लुटून जाळलं. एवढा ऐवज अर्ध्या दिवसात कसा मावेल?

तेव्हा जे तिथे रेंगाळलेत त्यांनी लिहा. कुठे थांबलात, का थांबलात आणि दुसऱ्याने काय चुकवू नये.

डोंबिवलीहून

रेल्वेने जा, एवढंच ठासून सांगेन. बँकॉकहून साधी तिसऱ्या वर्गाची गाडी मिळते. खिडक्या उघड्या, वर पंखे, आणि तिकीट आपल्या चहा-वड्याच्या पैशांत. डब्यात बायका टोपल्या घेऊन भात, तळलेलं चिकन, फळं विकत फिरतात. अयुथयाचं स्टेशन बेटाच्या बाहेर, पासाक नदीच्या पूर्वेला आहे. स्टेशनसमोरच्या रस्त्याने सरळ धक्क्यावर जायचं, काही बाटमध्ये (बाट हे थाई चलन) होडी पलीकडे सोडते. पूर्वी इथे प्रत्येकजण पाण्यावरूनच येत होता, तेव्हा शहरात शिरायची योग्य वाट हीच. पलीकडे सायकली भाड्याने मिळतात, रस्ते सपाट आहेत. ऊन मात्र सकाळी नऊपासूनच चढतं.

नागपूरहून

मी दीक्षाभूमीच्या सावलीत वाढले, त्यामुळे माझं जाणं पर्यटन कमी आणि दर्शन जास्त होतं. वाट महाथातमध्ये (थाईत 'वाट' म्हणजे मंदिर) ओळीने बसलेल्या, शिरं नसलेल्या बुद्धमूर्ती पाहिल्या आणि पोटात कालवलं. काही शिरं लुटीत गेली, काही नंतर मूर्तींच्या चोरट्या व्यापारात. पण त्यातल्याच एका मूर्तीच्या खांद्यावर कोणीतरी नवं कोरं केशरी वस्त्र घातलं होतं, पुढ्यात कमळाची कळी आणि उदबत्ती ठेवली होती. तेव्हा कळलं की इथल्या लोकांच्या लेखी हे अवशेष नाहीत.

मुळांमधल्या त्या प्रसिद्ध मुखाचा फोटो काढताना खाली बसावं लागतं. आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याहून उंच नको, असा तिथला नियम आहे आणि पहारेकरी तो पाळायला लावतात. मला हा नियम फार आवडला.

पण थांबायचं खरं ठिकाण म्हणजे बेटाच्या दक्षिणेचं वाट फनान चेंग. हे 1324 चं, म्हणजे राजधानी वसायच्या 26 वर्षं आधीचं, आणि आजही नांदतं. आत सुमारे 19 मीटर उंचीची सोनेरी बसलेली मूर्ती आहे. भाविक केशरी वस्त्रांच्या घड्या दान करतात. मूर्तीच्या मांडीवर उभी असलेली माणसं वरच्यावर झेलून ती पांघरतात, आणि त्या वस्त्राचा लांब पदर खाली सोडतात. तो खाली बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून सरकत जातो. मीही त्या पदराखाली बसले होते. तेवढ्यात "नमो तस्स भगवतो अरहतो" सुरू झालं. उच्चाराचा हेल थाई, पण शब्द तेच, जे मी लहानपणापासून दर रविवारी विहारात म्हणत आले. मी मोठ्याने म्हणू लागले. शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. त्रिसरण पंचशील आम्ही दोघींनी मिळून पूर्ण केलं. बाबासाहेबांनी आमच्या आजोबांच्या पिढीला काय दिलं, ते मला त्या मंदिरात परक्या देशात बसून नव्याने समजलं.

सांगलीहून

बांधकामाच्या धंद्यातला माणूस म्हणून लिहितो. हे सगळं शहर विटांचं. वर चुन्याचा गिलावा, त्यावर नक्षी. गिलावा गळून गेला, म्हणून आज आपल्याला लाल विटा दिसतात. मूळ रूप पांढरं आणि सोनेरी होतं, हे डोळे मिटून एकदा मनात आणा, मगच फिरा. खाली नदीचा मऊ गाळ, त्यामुळे कितीतरी स्तूप कललेले आहेत. वाट महाथातचा मुख्य मनोरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोसळला, आता नुसतं जोतं उरलं आहे.

आणि विटा गेल्या कुठे? 1782 मध्ये बँकॉक राजधानी झाल्यावर इथल्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून तिकडच्या तटबंदीला नेल्या. म्हणजे अयुथया पूर्ण नष्ट झालं नाही, त्यातलं काही नदीने खाली गेलं.

वाट राचाबुराना चुकवू नका. 1424 मध्ये गादीसाठी दोन राजपुत्र हत्तींवरून लढले आणि दोघेही मेले. तिसरा भाऊ राजा झाला, त्याने त्यांच्या दहनाच्या जागी हे मंदिर बांधलं. 1957 मध्ये चोरांनी गाभाऱ्याखालचं तळघर फोडून सोनं पळवलं. त्यातून जे वाचलं आणि नंतर उत्खननात निघालं, ते चाओ सामफ्राया संग्रहालयात आहे. सोन्याची रत्नजडित तलवार बघा आणि सोन्याचा छोटा हत्ती बघा. आम्ही गेलो तेव्हा तळघरात उतरता येत होतं. जिना अगदी उभा आणि अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच पाहावं.

वेंगुर्ल्याहून

आमच्या गावात डच वखारीची पडकी इमारत आहे, लहानपणी तिच्याभोवती खेळलोय. त्याच डच कंपनीची वखार अयुथयालाही होती, नदीकाठी, आणि तिथे आता छोटं संग्रहालय आहे. जवळच जपानी वस्तीची जागा आणि नदीच्या पलीकडच्या काठावर पोर्तुगीज वस्ती. पोर्तुगीजांचा दूत 1511 मध्ये इथे पोचला, त्याच वर्षी त्यांनी मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) घेतलं होतं. गोव्यानंतर एका वर्षाने. पोर्तुगीज वस्तीत चर्चचा पाया आणि उत्खननात उघडी पडलेली दफनभूमी आहे. पर्यटक इकडे फारसे येत नाहीत. कोकणातल्या माणसाने मात्र जरूर जावं, आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचं दुसरं टोक तिथे सापडतं.

पुण्याहून

सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, दोघे पक्के शाकाहारी. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात "जे" असं थाई चिन्ह दिसलं की ते पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी "माई साई नाम प्ला" म्हणजे माशाचा रस घालू नका, हे सांगावं लागतं. गोडात रोती साय माय घ्या : रंगीत साखरेचे तंतू पातळ पोळीत गुंडाळून खायचे. इथल्या मुस्लिम कुटुंबांचा हा पिढीजात व्यवसाय आहे. सासूबाईंना सोनपापडीची आठवण झाली, आणि त्या तिथेच बाकावर बसून दुसरी गुंडाळी करू लागल्या.

मांसाहारी असाल तर नदीतली मोठी कोळंबी. नवऱ्याने खाल्ली, अजून तिच्याबद्दल बोलतो.

साताऱ्याहून

हत्तीवर बसून फेरी मारू नका, ही कळकळीची विनंती. अनेकजण विचारतील म्हणून आधीच लिहितो. डांबरी रस्त्यावर, भर उन्हात, पाठीवर लोखंडी हौदा आणि दोन माणसं. हत्तीचा इथल्या इतिहासातला मान बघायचा असेल तर शहराबाहेर जंगली हत्ती पकडून आणायचा जुना लाकडी खांबांचा कोट आहे, तो बघा.

बँकॉकहून (इथे नोकरीला)

पाहुणे आले की मी त्यांना एक रात्र तिथे राहायला लावतो. गाड्या भरून आलेली मंडळी संध्याकाळी परततात आणि शहर मोकळं होतं. वाट चैवत्थनाराम दुपारनंतर बघा. 1630 मध्ये राजा प्रासात थोंगने बांधलेलं, ख्मेर (कंबोडियातल्या) धाटणीचं, अगदी नदीच्या काठावर. भाड्याने जुने थाई पोशाख घेऊन आलेली तरुण मंडळी तिथे खूप दिसतात, आणि मला ते छान वाटतं, ती आपल्या इतिहासात हौसेने वावरतात.

वाट ना फ्रा मेनही जोडा. 1767 च्या जाळपोळीतून ते वाचलं, त्यामुळे उभं छप्पर आणि राजवेषातली मुकुटधारी बुद्धमूर्ती असं जुन्या अयुथयाचं सगळं एकत्र तिथेच दिसतं.

वेळेबद्दल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिलचं ऊन सोसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणार असाल तर नदीच्या पाण्याची बातमी बघून निघा. 2011 च्या पुरात वाट चैवत्थनाराम पाण्यात होतं, आणि आता पावसाळ्यात त्याच्या नदीकडच्या बाजूला पूर अडवणारी भिंत उभी करतात. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घाला, पाणी जवळ ठेवा.