विषय: मंगळवेढ्याचे चुलत आजोबा, इटली १९४३: नोंद शोधायची आहे

प्रेषक: लीड्सची सदस्या, सध्या मुक्काम सोलापूर

नमस्कार मंडळी,

महिनाभर सोलापूरला घरी आले आहे. एका कामात जाणत्यांची मदत हवी आहे.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले आणि तिकडेच वारले. गाव मंगळवेढा तालुक्यातलं. घरात माहिती एवढीच, की एक इंग्रजी कागद आला, तो मास्तरांनी वाचून दाखवला आणि पुढे काही वर्षांनी पोस्टानं पदकांचं खोकं आलं. १९७२ च्या दुष्काळात बिऱ्हाड गावाहून सोलापूरला आलं, त्या धांदलीत कागद गेला. पदकं तेवढी देव्हाऱ्यात टाकांशेजारी आहेत.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, नव्वदीच्या पुढे आहे. तिचं म्हणणं एकच: "दादाची तिथी कळू द्या." दिवस माहीत नाही म्हणून इतकी वर्षं त्यांचं पान सर्वपित्रीलाच वाढलं जातं.

युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि नावांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आडनाव आणि सोलापूर घालून पाहिलं, जुन्या इंग्रजी कागदांत असतं तसं 'शोलापूर'ही घातलं. त्या आडनावाचे कितीतरी जण निघतात, गाव कुणाचंच जुळत नाही. कबर कुठे शोधायची?

-----

प्रेषक: काका, लंडन

ताई,

कबर शोधू नकोस. आपल्याकडचे बरेच जण इथेच अडकतात आणि कबर सापडली नाही की माणूस बेपत्ता समजून बसतात. इटलीत पडलेल्या हिंदू जवानांपैकी पुष्कळांना अग्नी दिला गेला. त्यांची नावं स्मारकांवर कोरली आहेत. अशी दहन-स्मारकं इटलीत ३ आहेत: सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीत, फोर्लीच्या भारतीय सेनेच्या स्मशानभूमीत आणि रिमिनीच्या गुरखा स्मशानभूमीत. ज्यांचा देहच हाती लागला नाही त्यांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले आपले रायगडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांनाही कबर नाही, नाव कॅसिनोलाच आहे. तेव्हा कबर नाही म्हणजे कुणी दखल घेतली नाही, असं आत्याआजींच्या मनात असेल तर ते आधी काढून टाक.

आता मुख्य गोष्ट. आडनावानं शोधून काही होणार नाही. त्या काळच्या कारकुनांनी आपली नावं कानाला लागली तशी लिहिली आहेत. पवारचं पोवार होतं, आणि पलटणीच्या इंग्रजी नावातल्या मराठा शब्दातसुद्धा 'एच' भलत्याच जागी आणि 'टी' दोनदा आहे. नंबर हवा, पलटणीतला शिपाई नंबर. तो तुमच्या देव्हाऱ्यात आहे.

ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाची पदकं कोरीच दिली गेली, पण हिंदी सैन्याच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदक असेल तर कडेवर बघ. सहा टोकांचा तारा असेल तर मागच्या बाजूला. हिरव्या, पांढऱ्या, तांबड्या पट्ट्यांची फीत असलेला तारा इटलीचा. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यातलं काहीही लावू नकोस, अक्षरं झिजतात. कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि फोटो काढताना उजेड बाजूनं तिरका येऊ दे. समोरून फ्लॅश मारला तर काही दिसत नाही.

नंबर मिळाला की कमिशनच्या नोंदीत तारीख, स्मारक आणि बहुतेक वेळा बापाचं नाव नि गाव मिळतं. त्याच पानावर खाली मूळ कागदांचे स्कॅन असतात, तेही उतरवून घे, टंकलेखनाच्या चुका तिथे कळतात. त्यानंतर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात अर्ज कर. सोबत नंबर आणि वारसाचं नातं दाखवणारे कागद जोड. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाची रीत सांगतील.

पलटणीची युद्ध-डायरी इथे लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बघता येते. तिच्यात शिपायाचं नाव क्वचित असतं, पण त्या तारखेला पलटण कोणत्या टेकडीवर होती ते कळतं. तारीख पाठव, मी जाऊन पानांचे फोटो काढून आणतो.

-----

प्रेषक: काकू, रेडिंग (माहेर पंढरपूर)

ताई, काकांचं सगळं बरोबर आहे, एक भर घालते. १९४३ मध्ये मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात नव्हतंच! ते सांगली संस्थानात होतं, पटवर्धनांकडे. संस्थानं विलीन झाल्यावर ते आपल्या जिल्ह्यात आलं. त्यामुळे पत्त्यात सांगली असण्याची शक्यता जास्त. अक्कलकोटकडच्या लोकांनीही हे ध्यानात ठेवावं, तेही १९४८ पर्यंत संस्थानच होतं.

आणि तिथीचं म्हणशील तर, शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात, घातचतुर्दशी म्हणतात ती. नोंद नाहीच सापडली तरी सर्वपित्रीच्या आदला दिवस त्यांच्या हक्काचा आहे, हे आत्याबाईंना सांग.

-----

प्रेषक: लीड्सची सदस्या, सोलापूर

काका, काकू,

सापडले.

गोल पदकाच्या कडेवर इतक्या वर्षांचं हळदकुंकू आणि तेल बसून दगड झालं होतं, तिथे एक अक्षर लागेना. तारे मात्र तोंड वर करून ठेवलेले, त्यामुळे पाठ स्वच्छ. संध्याकाळी खिडकीशी धरल्यावर इटलीच्या ताऱ्याच्या पाठीवर आधी नंबर दिसला, मग हुद्दा सिपॉय, मग नाव. आडनावात एक अक्षर भलतंच आहे, म्हणून आम्हाला ते कधी लागलं नसतं.

नंबर घातल्यावर एकच नोंद आली. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन. बापाचं नाव आमच्या पणजोबांचं, गावाचं नाव ओळखू येतं, आणि पुढे सांगली, काकू म्हणाल्या तसंच. वय २१. स्मारक सांग्रो नदीचं. तिथे अग्नी दिलेल्या ५०० हून अधिक जणांची नावं आहेत, त्यात हे एक. तारीख डिसेंबर १९४३ च्या पहिल्या आठवड्यातली. आठवी हिंदी डिव्हिजन सांग्रो ओलांडून मोरो नदीकडे सरकत होती, तेच हे दिवस. काका, अचूक तारीख तुम्हाला वेगळ्या मेलनं पाठवली आहे, डायरीची पानं जरूर बघा.

गुरुजींनी जुनं पंचांग काढून तिथी सांगितली, मार्गशीर्ष शुद्धातली. आत्याआजीला सांगितलं तेव्हा तिनं आधी विचारलं, "अग्नी कुणी दिला?" मी म्हणाले, पलटणीतल्या माणसांनी. "आपली माणसं होती ना?" तिला एवढंच हवं होतं. साताऱ्या-कोल्हापूरकडची, कोकणातली, आपलीच होती, असं सांगितलं. मग तिनं तिथी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली आणि कॅलेंडरवर खूण करायला लावली.

बेळगावचा अर्ज तयार आहे. आत्याआजीचा अंगठा, गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला आणि पदकांचे फोटो जोडले आहेत.

परतल्यावर वसंतात सांग्रोला जायचं ठरतंय. स्मशानभूमी ॲड्रियाटिकच्या किनाऱ्याजवळ, कियेती प्रांतातल्या तोरीनो दी सांग्रो गावाशी आहे. (तोरीनो शहर पार उत्तरेला, ते वेगळं.) जवळचा विमानतळ पेस्काराचा. मंडळातल्या कुणाच्या घरातलं नाव तिथल्या स्मारकावर असेल तर नंबरासकट कळवा, त्या नावाचाही फोटो काढून आणेन. आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात, ट्रंकेत अशी पदकं आहेत त्यांनी आजच कडा बघा, घरी म्हातारं माणूस आहे तोवर.