शब्द हवा: आतड्यातल्या म्यूकसला 'आव' म्हणावं का?

कापूसवेचणी: यवतमाळ जिल्ह्यातल्या आशाताईंसाठी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाचं पत्रक मराठीत करतेय, एका वाक्यावर अडलेय. आतड्यात जंत आले की अस्तरातल्या टफ्ट पेशींना (मी 'तुरापेशी' केलंय) चाहूल लागते. त्या आयएल-२५ हा पेशींमधला निरोप्या रेणू सोडतात, त्यावरून दुसऱ्या पेशी आयएल-१३ हा दुसरा निरोप्या सोडतात. मग म्यूकस (चिकट, बुळबुळीत स्राव) भरपूर सुटतं, आतडं जोरात हलतं आणि जंत बाहेर ढकलले जातात. म्यूकसला 'आव' लिहिलं, तर एका ताईनं कागद खाली ठेवला. "मॅडम, आव पडली की आमी लेकराले दवाखान्यात नेतो. तुमी तिले चांगली कायले म्हनता?"

संहितापाठ: 'श्लेष्मा' आहे ना. बोलीतला शब्द घेतला की असा अर्थ निसटतो.

वावरातला: श्लेष्मा पुस्तकात राह्यते, आंगनात नाही. आमची आजी 'शेम' म्हणे, पण तेही आजारातलंच. 'चिकटा' लिहा. भेंडी चिरताना बोटाला तार येते तसा.

तुरीचीशेंग: चिकटा? ज्वारीवर मावा आला की पानं चकाकतात, हात लावला की चिकटतात, तो चिकटा. शेतकऱ्याच्या बायकोला तोही रोगच वाटणार.

निंबोणी: मला वेगळंच खटकलं. शरीर जंतांशी 'लढतं' असं आपण सर्रास लिहितो. मारायला गोळी असते, २ वर्षांवरच्या लेकराला ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, चावून खायची. आतड्याचा स्वतःचा डाव मुख्यतः पाडण्याचा. मी सात वर्षांची असताना परसात बसले आणि वीतभर लांब, फिकट गुलाबी, गांडुळासारखा जंत पडला. भेदरून ओरडले. आजी धावत आली, म्हणाली, "पडला न? बरं झालं." 'मेला' म्हणाली नाही. 'पाडतं' लिहा.

संहितापाठ: पटलं. पण ताईंना हेही सांगा की जंत आणि जंतू वेगळे. मागच्या वर्षी एका पत्रकात 'जंतूंची गोळी' छापलेलं पाहिलंय.

वावरातला: दोन्ही आले एकाच संस्कृत 'जन्तु'वरून. वेगळे वापरानं झाले. म्हणजे वापर मोठा, की नाही?

संहितापाठ: वापर मोठा, म्हणून चूकही मोठी करायची?

कापूसवेचणी: त्याच ताईंनी शेवटी शब्द सुचवला, 'आतड्याचा शेंबूड'. "नाकात धूळ गेली की शेंबूड येते, धूळ घेऊन जाते. तसंच न?" मला ऐकताच पटलं.

संहितापाठ: शासनाच्या पत्रकात शेंबूड? नको हो.

तुरीचीशेंग: का नको? लेकराचं नाक रोज पुसणाऱ्या आईला त्यात काही वाटत नाही.

निंबोणी: आमच्याकडे जंतावर पळसाच्या बिया गुळात देत, 'पळसपापडी' म्हणत. तुमच्याकडे हाच शब्द आहे का?