गोळी सुरू करावी की नाही

तुमचा मुलगा ७ वर्षांचा, डॉक्टरांनी एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) मिथाइलफेनिडेटची गोळी सुचवलीय आणि सासूबाई म्हणतायत, ‘पोरगं गुंगीत राहील’. आमच्याकडेही हेच झालं. आम्ही ८ महिने चालढकल केली (आता वाटतं, त्यातले ६ तरी उगाच).

ही गुंगीची गोळी नाही, उत्तेजक आहे. साध्या गोळीचा परिणाम साधारण ४ तास, म्हणजे जेमतेम शाळेपुरता. मूल मलूल, गप्पगप्प दिसायला लागलं तर बहुधा डोस जास्त होतोय. लगेच डॉक्टरांना सांगायचं. आमच्या लेकीची भूक मात्र खरंच मेली. डबा जसाच्या तसा परत यायचा. मग गोळीआधी पोटभर थालीपीठ आणि रात्री झोपताना दूध-पोळी, असं बसवलं. वजन, उंची, रक्तदाब दर भेटीत मोजून घ्या. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा.

६ वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण (मुलाचं वागणं कसं हाताळायचं याचं), असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तुमचा त्यापुढे गेलाय, तरी गोळी सुरू झाली म्हणून वर्तनोपचार सोडू नका. आणि फक्त शाळेच्या आग्रहावरून तर मुळीच ठरवू नका. बाईंकडून मुलाच्या वर्गातल्या वागण्याच्या आठवडाभराच्या नोंदी लिहून घ्या आणि त्या घेऊनच डॉक्टरांकडे जा.