दिव्यांगांचे फॉर्म तर भरून देतो, पुढे भांडायचं कसं?

खान्देशी_पोऱ्या:
रामराम मंडळी. आम्ही गावातली काही पोरं दिव्यांगांचे युडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), संजय गांधी निराधारचे फॉर्म भरून देतो. फॉर्म जातो पण नंतर अडतं, साहेब म्हणे उद्या या, आता व्हीलचेअरवाल्या काकांना परत आणायचं म्हणजे परत रिक्षाभाडं आणि ऑफिस वरच्या मजल्यावर. त्यांच्या बाजूने नीट उभं राहायची काही सोय लावता येईल का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

धुळेकर_आप्पा:
वकिलाचे पैसे लागतच नाहीत भो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात दिव्यांगाला वकील फुकट, उत्पन्नाची अट नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन 15100. तुमच्यातल्या एकदोघांनी तिथे पॅरालीगल व्हॉलंटियर व्हा, म्हणजे वकील नसलेले कायद्याचे मदतनीस, ट्रेनिंग तेच देतात आणि ओळखपत्र दिसलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो.

केळीवाला:
बरोबर शे आप्पा. अजून एक, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात, आमच्याकडे ग्रामसभेत कोणी हिशोबच मागत नाही. मागायला लावा, पण दिव्यांगांनाच. पोऱ्या उभा राहिला तर सरपंच विचारेल तुझं काय अडलं.

सातपुड्याची_ताई:
हेच लिहायला आले होते. माझ्या बहिणीला ऐकू येत नाही, कुठेही गेलो की सगळे माझ्याशीच बोलतात, सही तिची आणि प्रश्न मला! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने बँक, मालमत्ता, सगळे व्यवहार तिचे तिला करता येतात, मदत घेऊन का होईना. म्हणून अर्जात काय लिहायचं ते आधी त्या माणसाला विचारा, घरच्यांना नंतर. धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणार असाल तर भिली, पावरी बोलणारं कोणीतरी सोबत हवंच, नाहीतर त्यांना न विचारता त्यांच्या वतीने बोलणारे दुसरे एजंट तुम्हीच.

खान्देशी_पोऱ्या:
ताई हे डोक्यातच नव्हतं. एक मतिमंद मुलगा आहे, 18 पूर्ण झालेत, त्याचं?

धुळेकर_आप्पा:
त्याला 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा, जिल्ह्याला कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, पालकत्व, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार, तिथून मिळतं. पण खरंच गरज आहे का ते आधी बघा, घाई नको. आणि कुठेच दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्त, समन्स काढायला त्यांना दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. फक्त तिथे तोंडी गाऱ्हाणं चालत नाही, प्रत्येक अर्जाची पोच लागेल.

खान्देशी_पोऱ्या:
पोचच तर देत नाहीत ना आप्पा

केळीवाला:
स्पीड पोस्टाने टाक, पावती जपून ठेव