कवाई बेट, दारं काढलेलं हेलिकॉप्टर आणि बाबांचा कॅमेरा

निळाई

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही हवाईतल्या कवाई बेटावर जातोय. आई-बाबा मिरजेहून आलेत, तेही सोबत आहेत. बाबांनी पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, सगळं केलं. पण स्वतःसाठी म्हणून कुठे जाऊन फोटो काढणं कधी जमलं नाही. आता तिथल्या ‘ना पाली’ नावाच्या किनाऱ्यावरच्या कड्यांचे फोटो बघून हट्ट धरलाय की वरून काढायचे, आणि काचेतून नाही. म्हणजे दारं काढलेलं हेलिकॉप्टर.

कॅमेरा फुल फ्रेम आहे, लेन्स २४-१०५ मिमी (रुंद दृश्याची) आणि ७०-२०० मिमी (लांबचं जवळ आणणारी). कोणती न्यावी? शटर किती ठेवावा? फेरी सकाळची घ्यावी की दुपारची?

आणि मुख्य प्रश्न. बाबा ७१ वर्षांचे आहेत. तब्येत उत्तम, फक्त बोटांत संधिवात. त्यांना न्यावं का? आई सरळ नाही म्हणतेय.

रानवारा

निळाईताई, मी कवाईच्या लिहुए विमानतळावरून दोनदा अशी फेरी केली आहे. आधी बाबांच्या बोटांचं बोलू, लेन्सचं नंतर.

११ मार्च २०१८ ला न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत असंच उघड्या दारांचं हेलिकॉप्टर उतरवावं लागलं. प्रवाशांना नेहमीच्या पट्ट्यावर जादा हार्नेस, म्हणजे अंगाभोवतीचा पट्ट्यांचा साज, घातलं होतं, म्हणजे बाहेर पाय काढून फोटो घेता यावेत. त्याची दोरी पाठीमागे अडकवलेली. त्यातल्या एका प्रवाशाची दोरी इंधन बंद करण्याच्या दांड्यात अडकली आणि इंजिन बंद पडलं. पाण्यावर उतरल्यावर हेलिकॉप्टर उलटं झालं. पाचही प्रवासी बुडून गेले. वैमानिकाला फक्त साधा पट्टा होता, तो सुटून बाहेर आला. हार्नेस कापायला चाकू दिलेले होते, पण पाण्याखाली उलटं लटकून पाठीमागची दोरी कापायची कशी? त्यानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने, प्रवाशाला स्वतः झटकन सोडवता येणार नाही असा जादा पट्टा या उड्डाणांत वापरायला बंदी घातली.

म्हणून बुकिंगच्या आधी फोन करून एकच विचारा: पट्टा कसला आहे, आणि बाबांना तो जमिनीवर आधी उघडून बघता येईल का? मग तिथे गेल्यावर बाबांना डोळे मिटून, एका हाताने, तीनदा उघडायला सांगा. तुम्ही मदत करायची नाही. जमलं तर खुशाल न्या. बोटं अडखळली तर दारं असलेली फेरी घ्या, आणि तेव्हा बाबांना वाईट वाटलं तरी ऐकू नका.

आता फोटो. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नकोच, मी १/२००० ठेवतो आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडतो. पहिल्या फेरीत मी १/५०० वर होतो आणि वर कोपर दाराच्या चौकटीला टेकवलं होतं. पंख्याची थरथर चौकटीतून थेट हातात येते. वायमेआ दरीचे सगळे फोटो हललेले निघाले. त्या दरीच्या भिंतीत लाव्हाचे थर तांबडे-करडे, एकावर एक रचलेले दिसतात. आपल्या सह्याद्रीचे कडेही लाव्हाच्या थरांचेच, पण हे बेट वयाने फार तरुण, साधारण पन्नास लाख वर्षांचं. ते फोटो गेले याची मला आजही हळहळ वाटते. कोपरं बरगड्यांशी धरायची, कशाला टेकायचं नाही.

लेन्स २४-१०५ एकच. वर लेन्स बदलायची नाही. ७०-२०० वाऱ्यात सापडली की हातातून खेचली जाते. हूड (लेन्सच्या तोंडावरची सुटी कडी) काढून खालीच ठेवा. सुटलेली वस्तू शेपटीच्या पंख्यात गेली तर सगळ्यांच्या जिवावर बेतेल. टोपी, रुमाल, खिशातली पाकिटं, काही नको. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, आणि कॅमेरा चौकटीच्या आतच. बाहेर काढला की वारा असा बसतो की फ्रेम धरताच येत नाही. लेन्स २४ मिमीवर असली की वरचा पंखा फोटोत येतो, तेव्हा कॅमेरा जरा खाली झुकवा.

वेळ: ना पालीचे कडे वायव्येला तोंड करून आहेत, सकाळी ते सावलीत असतात. जूनमध्ये दुपारी तीननंतरचं ऊन तिथे पोचतं आणि कड्यांच्या धारा सुट्या दिसू लागतात. पण वायआलेआले शिखरावर दुपारी ढग दाटतात. तिथे वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिखर मोकळं दिसणं नशिबाचा भाग. बाबांना कडे हवेत ना? मग दुपारच घ्या.

बहुतेक फेऱ्या लिहुएहून दक्षिणेकडे निघून बेटाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालतात, म्हणजे किनारा उजव्या हाताला राहतो. जागा मात्र वजन बघून ते ठरवतात. तरी बाबांचं सगळं सांगून उजवी कड मागून बघा. पुढची मधली जागा मिळाली तर फोटोचं सुख निम्मं जातं.

पाऊसवेडा

रानवारांनी सगळं सांगितलंय, दोनच गोष्टी. वर वाऱ्याने हात गारठतात. संधिवात असेल तर बाबांना बोटं मोकळी राहतील असे लोकरी हातमोजे आणि अंगात जाड जॅकेट द्या. आणि तुमच्यापैकी कोणी स्कूबा करणार असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८ तास उडायचं नाही. स्नॉर्कलिंगचं काही नाही.

निळाई

खूप आभार. ईस्ट नदीचं वाचून आधी धस्स झालं. बाबांना मुद्दाम पूर्ण वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून गाडीत जाऊन बसले आणि डोळे मिटून पट्टा उघडत-लावत राहिले. मी खिडकीतून बघत होते.

आज फोन केला. जादा हार्नेस नाही, विमानातल्यासारखा उचलून उघडायचा पट्टा आहे. आधी उघडून बघू देतील, आणि नाही जमलं तर त्याच दिवशी दारं असलेल्या फेरीत जागा देतील. हे ऐकून आई तयार झाली. साडेतीनची फेरी घेतलीय.

बाबा विचारतायत, पोलरायझर लावू का? समुद्राची चकाकी मारायला.

रानवारा

बाबांना माझा नमस्कार. नको लावायला. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि हेलिकॉप्टर सारखं वळत असल्याने दर वळणाला तो फिरवत बसावं लागेल. त्यापेक्षा ती बोटं शटरवर असू देत. परत आलात की फोटो इथे टाका, दरीचे आधी.