गाडीतील इंधनबचतीची सवय घरात कशी उतरते?

गोडोलीकर (सातारा) :
कामानिमित्त मला वरचेवर गाडीने पुण्याला जावे लागते. सध्याच्या गाडीत क्षणाक्षणाचे मायलेज समोरच दिसते. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की तो आकडा कसा कोसळतो आणि पुढची गर्दी लांबून हेरून पाय आधीच उचलला की तो कसा चढतो, हे पाहता पाहता माझी गाडी चालवण्याची पद्धतच बदलली. नवल वाटते ते यापुढचे. गीझर किती आधी लावला आहे, रिकाम्या खोलीत पंखा फिरतो आहे का, सेट-टॉप बॉक्स रात्रभर कशासाठी चालू असतो, याकडे पूर्वी कधी न गेलेले लक्ष आता आपोआप जाऊ लागले आहे. या दोन सवयींचा खरोखर काही संबंध आहे, की मीच तो जोडतो आहे? आणि संबंध असेल, तर घरातील गाडी न चालवणाऱ्या माणसांना तो कसा पटवून द्यावा? उपदेश आमच्या घरात चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

यंत्रवेडा (कराड) :
संबंध निश्चित आहे. गाडीला वेग देण्यासाठी जाळलेल्या पेट्रोलचे काम ब्रेक दाबताच चाकांच्या डिस्क तापवण्यात संपते; त्यामुळे ब्रेक कमी लागेल अशा बेताने चालवणे हेच इंधनबचतीचे मूळ आहे. घरातही हेच घडत असते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, आणि ते पाणी कोणी न वापरता गार झाले तर ती वीज डिस्कच्या उष्णतेसारखीच हवेत जाते. आधी ऊर्जा भरायची आणि मग ती सोडून द्यायची, हा प्रकार ज्याला रस्त्यावर दिसू लागला त्याला तो गीझरमध्येही दिसणारच.

वेगाचा हिशेबही आपण एकदा मांडून पाहावा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. सातारा ते पुणे हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर तेवढ्या वेगाने सलग कापता आले, तरी वेळ वाचतो सोळा-सतरा मिनिटांचा. तोही पुण्याच्या वेशीवरील गर्दीत बहुधा परत द्यावा लागतो.

विषय निघालाच आहे म्हणून एक इशारा देतो. कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे लोक मी पाहतो. इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर वेग पुरेसा असेपर्यंत इंधनपुरवठा बंद राहतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे का होईना इंधन जळतेच, शिवाय गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. असल्या बचतीत जीव धोक्यात जातो आणि पैसाही वाचत नाही.

ऊसवाला (कोरेगाव) :
वरील विवेचन योग्य आहे, पण त्यात आकड्याचे महत्त्व थोडे निसटले असे वाटते. आपली सवय बदलली, कारण चुकीचे फळ आपल्याला त्याच क्षणी दिसले. आमच्या शिवारात असा आकडा दिसतच नाही. राज्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला तिची गरज होती, याबद्दल माझा वाद नाही. परंतु बिलच येत नसल्यामुळे मोटारसायकलच्या ॲव्हरेजबद्दल तासभर बोलणारा माणूस गळका फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाण्यात बुडालेल्या पाइपच्या तळाची झडप) आणि अनावश्यक बेंड लावलेली पाइपलाइन वर्षानुवर्षे तशीच ठेवतो.

ऑटोस्विचचे उदाहरण याहून बोलके आहे. वीज येताक्षणी पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून तो बसवलेला असतो. मग एका डीपीवरचे, म्हणजे शिवारातील एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम सुरू होतात, प्रत्येक मोटार सुरुवातीला नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि डीपी जळतो. पंपाला कॅपॅसिटर बसवावा आणि ऑटोस्विच काढावा, असे महावितरण अनेकदा सांगते. ते पटते सगळ्यांना. पण आपला ऑटोस्विच आधी काढून शेजाऱ्याला पाण्याचा पहिला मान द्यायला कोणी तयार होत नाही. म्हणजे एकट्या माणसाची सवय येथे अपुरी पडते, डीपीवरील सर्वांनी मिळून ठरवावे लागते.

कृष्णाकाठची (वाई) :
सर्वांचे विवेचन वाचले. फक्त, बचतीची ही दृष्टी गाडीतून घरात आली असे म्हणण्यापूर्वी घरातल्या स्वयंपाकघरात एकदा डोकवावे, अशी विनंती आहे. डाळ आधी भिजत घालणे, एकाच कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे एकावर एक लावणे, उकळी फुटल्यावर आच मंद करणे आणि गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू देणे, हे १४.२ किलोचे सिलिंडर महिनाअखेरपर्यंत पुरवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पाय आधी उचलणे ते हेच.

उपदेश न करता पटवायचे असेल, तर आकडा सर्वांच्या डोळ्यांसमोर आणावा. आमच्याकडे दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिला जातो, त्याच चौकटीत रोज रात्री विजेच्या मीटरचे रीडिंग लिहिले जाते. लिहिण्याचे काम मुलाकडे आहे. घरगुती दरात शंभर युनिटनंतरच्या प्रत्येक युनिटला अधिक दर पडतो, हे त्याला एकदा समजल्यावर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरातील दिव्यांवर त्याचीच देखरेख असते. सेट-टॉप बॉक्स नुसता चालू राहून दहा वॅट घेत असेल, तर महिन्याला सात युनिटांवर जातात, हा हिशेबही त्यानेच केला. मोबाइलचा रिकामा चार्जर काढण्याचा मात्र फार गवगवा होतो. त्याचा वापर एवढा किरकोळ असतो, की जुना ७५ वॅटचा पंखा बदलून ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा घेणे शतपटीने फायद्याचे ठरते.

गोडोलीकर (सातारा) :
स्वयंपाकघराबद्दलचा मुद्दा मान्य आहे. कॅलेंडरची युक्ती याच महिन्यापासून सुरू करतो. आमच्या डिजिटल मीटरवर मात्र बरेच आकडे पाळीपाळीने बदलत राहतात. त्यांतील नेमका कोणता लिहावा?

यंत्रवेडा (कराड) :
ज्या आकड्याशेजारी केडब्ल्यूएच (kWh) ही खूण दिसते तो लिहावा. एक केडब्ल्यूएच म्हणजेच एक युनिट. तारीख, व्होल्टेज आणि कमाल मागणी यांचे आकडेही त्याच पडद्यावर फिरत असतात, ते सोडून द्यावेत. गेल्या बिलावरील रीडिंगशी एकदा ताडून पाहिले, की खात्री पटेल.